दहा लक्ष पत्रें

इतिहास म्हटला म्हणजे तो निदान पन्नास-शंभर वर्षांमागचा असावा, अशी आपल्याकडे समजूत आहे. जें डोळ्यांदेखत घडलें तें वर्तमानपत्राचें, आणि ज्याचे साक्षीदार निघून गेले तें इतिहासाचें, अशी वांटणी आपण करून टाकली आहे. या वांटणीमुळें साक्षीदार जिवंत असतांना त्यांस कोणी विचारीत नाहीं, आणि विचारण्याची बुद्धि होते तेव्हां सांगण्यास कोणी उरलेला नसतो. इंटरनेटच्या समान वाटेविषयीं आपल्या देशांत २०१५ व २०१६ या दोन सालीं जो मोठा वाद झाला, त्याला आतां दशकाचा काळ लोटला. त्यांत पुढाकार घेणारे बहुतेक विशी-तिशींतले होते. आज ते संसारांत स्थिरावले आहेत, आणि त्यांचीं मुलें ज्या सोयी जन्मसिद्ध समजतात त्यांपैकीं एक त्या वादांतून हातीं आली, हें त्या मुलांस ठाऊक नाहीं. म्हणून तो वाद, आम्हांस वऱ्हाडांतून जसा दिसला तसा, येथें मांडण्याचें योजिलें आहे. दिल्लीहून किंवा बंगळुराहून तो निराळा दिसला असेल. आणि तो निराळा दिसला हीच आमच्या मतें त्यांतली लिहिण्यासारखी गोष्ट आहे.

वादाचें मूळ नांव 'नेट न्यूट्रॅलिटी'. हे शब्द टिम वू नांवाच्या अमेरिकन कायदेपंडितानें २००३ सालीं एका निबंधांत रूढ केले. त्या वेळीं तोहि तिशीच्या आसपासचाच होता. अर्थ असा कीं, ज्या कंपनीच्या तारांवरून किंवा लहरींवरून इंटरनेट आपल्या घरीं येतें, तिनें त्यावरून काय जातें-येतें यांत डावें-उजवें करूं नये. मजकूर मित्राच्या पत्राचा असो, पुस्तकांच्या दुकानाचा असो, कीं त्याच कंपनीशीं स्पर्धा करणाऱ्या दुसऱ्या धंद्याचा असो, सर्वांस वेग एक आणि दर एक. अमक्याचा मजकूर फुकट, तमक्याचा जादा दरानें, आणि तिसऱ्याचा मुद्दाम रेंगाळत, अशी मोकळीक त्या कंपनीस नसावी. मराठींत याला कोणी 'आंतरजालाची तटस्थता' म्हणतात. आम्हांस 'समान वाट' हे शब्द अधिक बरे वाटतात. कारण तटस्थ माणूस कांठावर उभा असतो, आणि येथें प्रश्न कांठाचा नसून वाटेचा आहे.

ही कल्पना नवी नाहीं. १८५४ च्या कायद्यानें टपालाचा दर अंतरावर न ठेवतां वजनावर ठेवला. आणि १८७९ सालीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें तेव्हां तें अचलपुराहून बडनेऱ्यास जावो कीं मद्रासेस जावो, पाव आणाच पडे. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ४२ व्या कलमानें आगगाडीच्या कंपन्यांस बजावलें कीं, कोणा एका व्यापाऱ्यास गैरवाजवी झुकतें माप देऊं नये. रूळ कंपनीचे, एंजिन कंपनीचें. पण वाट एकदां सर्वांसाठीं म्हणून उघडली कीं मालकाच्या मर्जीला मर्यादा पडते, हें तत्त्व त्या काळच्या राज्यकर्त्यांनींहि मान्य केलेलें होतें.

वऱ्हाडाला तर हें तत्त्व पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. १८४२ सालीं अमरावतीच्या एका व्यापाऱ्यानें एक लाख बैलांवर कापूस लादून तो खुष्कीच्या मार्गानें कलकत्त्यास पाठविला, असें जुन्या गॅझेटियरांत म्हटलें आहे. पंचवीस वर्षांनीं, १८६७ सालीं, आगगाडी अकोला व बडनेरा ओलांडून नागपुरास पोंचली आणि तांड्यांचे दिवस सरले. माल नेण्याची वाट अशी सुधारली. परंतु माल विकण्याची वाट मोकळी झालेली नव्हती. शेतकरी गाडी घेऊन बाजारांत आला म्हणजे भाव रुमालाखालीं बोटें दाबून ठरे, आणि तो ठरे अडत्या व खरेदीदार या दोघांत. ज्याचा कापूस तो बैलांपाशीं उभा. कांटा अडत्याचा, मापारी अडत्याच्या ओळखीचा, आणि पट्टींतून कडता, धर्मादाय व आणखी काय काय वजा होऊन जें उरेल तें शेतकऱ्याचें. बाजारांत जाण्यास त्याला कोणी मनाई केलेली नव्हती. बाजार मात्र त्याचा नव्हता.

यावर उपाय प्रथम झाला तो वऱ्हाडांतच. १८८६ सालीं कारंजा येथें हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानें देशांतला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ सालीं कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा वऱ्हाडास लागू झाला. दलालांना व मापाऱ्यांना परवाने, बाजाराची जागा ठरलेली, फी ठरलेली, आणि देखरेखीला समिति. मुंबई इलाख्याला असा कायदा करावयास १९२७ साल उजाडावें लागलें. कारंजें आज वाशीम जिल्ह्यांत मोडतें. १९९८ पर्यंत तें अकोला जिल्ह्यांत होतें, आणि अकोल्याचीं जुनीं माणसें अजूनहि तें आपलेंच समजतात. या समित्यांवर मात्र व्यापाऱ्यांचें वजन फार, आणि ज्याच्या रक्षणार्थ कायदा झाला त्या शेतकऱ्याला तेथें बोलण्यास जागा जवळजवळ नव्हती. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां २०१५ कडे वळूं. २०१४ च्या डिसेंबरांत एअरटेल कंपनीनें जाहीर केलें कीं, इंटरनेटवरून बोलण्याच्या सोयीला यापुढें निराळा आकार पडेल. ओरड झाली, आणि कांहीं दिवसांतच कंपनीनें बेत मागें घेतला. मग २७ मार्च २०१५ रोजीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, ज्याला सर्वजण 'ट्राय' म्हणतात त्यानें, या विषयावर एक विचारपत्र प्रसिद्ध केलें. पानें ११८, प्रश्न २०, भाषा इंग्रजी, आणि उत्तरांस मुदत २४ एप्रिलपर्यंत. याच्या तीनच दिवस आधीं सुप्रीम कोर्टानें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ हें कलम रद्द केलें होतें. त्या खटल्याचा उगम महाराष्ट्रांतलाच. २०१२ च्या नोव्हेंबरांत पालघरच्या दोन तरुणींस फेसबुकवरील मजकुरासाठीं अटक झाली, आणि ती बातमी वाचून श्रेया सिंघल या विशींतल्या मुलीनें दिल्लीस सुप्रीम कोर्टांत अर्ज केला. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कायद्याच्या दृष्टीनें कांहीं संबंध नाहीं. परंतु आपण बोललों तर तें वरपर्यंत ऐकूं जातें, असा अनुभव तरुण वर्गाला नुकताच आलेला होता, आणि तशा अनुभवाचा कैफ तीन दिवसांत उतरत नाहीं.

सरकारी विचारपत्रें वाचण्याचें काम ज्यांच्या वांट्याला आलें आहे त्यांस त्या कामाचा कंटाळा सांगावयास नको. या ११८ पानांचें नशीब असें कीं, तीं मन लावून वाचणारे तरुण निघाले. निखिल पाहवा हे पत्रकार, किरण जोन्नलगड्डा हे संगणकाच्या क्षेत्रांतले, अपार गुप्ता हे वकील. आणि त्यांच्याबरोबर अनेक स्वयंसेवक. त्यांनीं विचारपत्राचा सारांश केला, वीस प्रश्नांचीं उत्तरें तयार केलीं, आणि एक बटण दाबलें कीं तीं आपल्या नांवानें ट्रायकडे जावीं, अशी सोय 'सेव्ह द इंटरनेट' या नांवाखालीं करून दिली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत एआयबी या मुंबईच्या विनोदी मंडळीनें याच विषयावर एक चलच्चित्र काढलें. त्यांच्या भाषेंतला शिवराळपणा आमच्या पिढीला मानवणारा नव्हता, आणि तसें आम्ही तेव्हां बोलूनहि दाखविलें. परंतु दूरसंचाराच्या दरासारखा रुक्ष विषय मुलांना हंसत हंसत समजावून देणें आमच्यापैकीं कोणाला साधलें नसतें. मुदत संपेपर्यंत ट्रायकडे दहा लक्षांहून अधिक पत्रें गेलीं. २२ एप्रिलला राहुल गांधींनीं लोकसभेंत हा प्रश्न काढला आणि दूरसंचारमंत्री रविशंकर प्रसाद यांना त्यावर बोलावें लागलें. एका महिन्यापूर्वीं हे शब्द संसदेंतल्या किती सभासदांना ठाऊक होते, कोण जाणे!

आमचे एक स्नेही अकोल्यास असतात. त्यांच्या आजोबांची कारंज्यास अडत होती. स्वतः स्नेही शाळेंत गणित शिकवून निवृत्त झाले. त्यांचा मुलगा तेव्हां पुण्यास इंजिनियरिंगला होता, आणि डॉ. आंबेडकर जयंतीच्या सुटीला जोडून घरीं आलेला होता. आम्ही सहज म्हणून गेलों, तों बाप-लेकांचा वाद रंगांत आला होता.

"बाबा, तुमच्या नांवानेंहि एक पत्र जाऊं द्या," मुलगा म्हणत होता.

"अरे, कंपनी फुकट देते तें घेऊं नका असें सांगणारे तुम्ही कोण? ज्याच्या खिशांत पैसे नाहींत त्याला अर्धें इंटरनेट मिळालें तर तुमचें काय जातें? तुम्हां पोरांना पूर्ण परवडतें म्हणून तुम्हांला तत्त्व सुचतें."

मुलगा जरा गप्प राहिला. आम्हांस वाटलें, हरला. मग तो म्हणाला, "बाबा, पणजोबांच्या अडतींत कांटा कोणाचा होता हो?"

स्नेह्यांनीं आमच्याकडे पाहिलें आणि हंसले. "आमचाच. म्हणून तर कायदा करावा लागला."

त्या संध्याकाळीं पत्र गेलें. आठ वर्षांची धाकटी बहीण दादाच्या खांद्यावरून वांकून पाहत होती. पत्राला तिकीट कोठें लावलें, असें तिनें विचारलें आणि सगळे हंसले. त्याच दिवशीं फ्लिपकार्टनें 'एअरटेल झीरो' या योजनेंतून अंग काढून घेतल्याची बातमी आली. तीं योजना अशी होती कीं, दुकानदार कंपनीला पैसे देणार आणि त्या दुकानांत जाण्यास गिऱ्हाइकाला इंटरनेटचा खर्च पडणार नाहीं. मुलाला जणूं आपल्याच पत्रानें हें घडलें असें वाटत होतें, आणि त्याचा भ्रम मोडावा असें आम्हांस वाटलें नाहीं.

वऱ्हाडांतल्या कांहीं वडीलधाऱ्यांनीं त्या वेळीं या चळवळीची थट्टा केली. १९३० सालीं दहिहांड्यास खाऱ्या विहिरींच्या पाण्याचें मीठ करून कायदा मोडणारे तरुण तुरुंगांत जाण्याच्या तयारीनें निघाले होते. आणि यांनीं काय केलें, तर बटण दाबलें! ही तुलना आम्हांस न्यायाची वाटत नाहीं. ज्या सरकारी संस्थेनें मत विचारलें तिला मत कळविणें यांत तुरुंगाचें काय काम? मात्र तुलनेंत एक खरें आहे. दहिहांड्याचा सत्याग्रही गांवाच्या समोर उभा राहून, गांवाच्या भाषेंत बोलून निघाला होता. बटण दाबून गेलेल्या पत्रावर गांवाचा शिक्का नसतो. २७ एप्रिलला ट्रायनें तीं सर्व पत्रें, पाठविणाऱ्यांच्या ई-पत्त्यांसकट, उघडीं प्रसिद्ध करून टाकलीं तेव्हां मोठा गहजब झाला. पण त्या ढिगांतून सुद्धां अमरावतीचें पत्र कोणतें आणि अमेरिकेंतून आलेलें कोणतें, हें ओळखण्याची खूण नव्हती. खेड्यांतल्या तरुणाच्या नांवानें पुष्कळ बोललें गेलें. खेड्यांतल्या तरुणाला विचारलें असें दिसत नाहीं.

हें उणें दुसऱ्या फेरींत अधिक उघडें पडलें. स्नेह्यांनीं बोलून दाखविलेला आक्षेप हाच फेसबुकचा मुख्य आधार होता. त्या कंपनीची फुकट इंटरनेटची योजना, जी पुढें 'फ्री बेसिक्स' या नांवानें गाजली, ती १० फेब्रुवारी २०१५ रोजीं रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्यानें सुरू झाली. प्रथम जीं सहा राज्यें निवडलीं त्यांत महाराष्ट्र होता, आणि ज्या भाषांतून ती मिळे त्यांत मराठी होती. निवडक स्थळें फुकट. बाकीचें विशाल जग पैसे भरल्यावर. २८ डिसेंबर २०१५ च्या टाइम्स ऑफ इंडियांत मार्क झुकरबर्ग यांनीं या योजनेची वकिली केली, आणि त्यांनीं उदाहरण दिलें तें महाराष्ट्रांतल्या एका शेतकऱ्याचें. तो या योजनेवर हवामान पाहतो, बाजारभाव पाहतो, नवीं पिकें घेतो. तो आपलें शेत अधिक चांगलें करूं लागला तर इंटरनेटचें काय बिघडतें, असा त्यांचा सवाल होता.

सवाल बिनतोड वाटतो. विरुद्ध पक्षाचें उत्तर असें कीं, शेतकऱ्याला कोणता बाजारभाव दाखवावा हें कंपनी ठरविणार असेल तर कांटा तिच्याच हातीं राहिला. आणि उद्यां अकोल्याच्या एखाद्या पोरानें कापसाच्या भावाचें याहून चांगलें स्थळ काढलें, तर त्याला त्या फुकट बाजारांत शिरण्यास कंपनीच्या अटी मान्य कराव्या लागतील. आम्हांस हें उत्तर पटतें. नंदन निलेकणी यांनींहि योजनेस विरोध केला, आणि द्यावयाचेंच असेल तर प्रत्येकाला ठराविक प्रमाणांत पूर्ण इंटरनेट द्यावें, तें कशासाठीं वापरावें हें ज्याचें त्यानें ठरवावें, असें सुचविलें. पण एक गोष्ट नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. या सबंध वादांत मराठी बोलत होती ती कंपनी! ट्रायचें विचारपत्र इंग्रजींत, चळवळीचीं वीस उत्तरें इंग्रजींत, कायदेपंडितांचें शास्त्रार्थ इंग्रजींत. आणि ज्या शेतकऱ्यावरून एवढें भांडण, त्याच्या भाषेंत फुकट योजना मात्र त्याच्या हातीं ठेवलेली. कारंज्याच्या समितींत व्यापारी होते आणि शेतकरी बाहेर उभा होता, तेंच चित्र सव्वाशे वर्षांनंतर पुन्हां दिसलें. फरक इतकाच कीं, आतां दोन्ही बाजू त्याचीच वकिली करीत होत्या.

९ डिसेंबर २०१५ रोजीं ट्रायनें दुसरें विचारपत्र काढलें, तें केवळ निरनिराळ्या मजकुराच्या निरनिराळ्या दरांविषयीं. या वेळीं चोवीस लाखांच्या आसपास उत्तरें आलीं. फेसबुकनें आपल्या सभासदांकडून एकाच साच्याचीं लक्षावधि पत्रें पाठवविलीं. त्यांत योजनेची स्तुति होती, पण विचारलेल्या प्रश्नांचें उत्तर नव्हतें. ट्रायनें कंपनीला खरमरीत शब्दांत कळविलें कीं, हा विचारविनिमय आहे, डोकीं मोजण्याची मतमोजणी नव्हे. साचा तरुणांच्या पत्रांनाहि होताच, हें येथें कबूल केलें पाहिजे. तो प्रश्नांना धरून होता, एवढी त्याची बाजू जड. संख्येचा मोह मात्र दोन्हीकडे सारखाच. अमेरिकेंत याच विषयावर २०१७ सालीं दोन कोटी वीस लाखांहून अधिक मतें गेलीं, आणि त्यांतलीं जवळजवळ एक कोटि ऐंशी लाख खोटीं होतीं, असें न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनें २०२१ सालीं चौकशी करून सांगितलें. त्यांपैकीं पंचाऐंशी लाखांच्या आसपास मतें इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांच्या पैशानें रचलेलीं होतीं. आणि सत्त्याहत्तर लाखांच्या आसपास मतें समान वाटेच्या बाजूनें होतीं. तीं एकट्या एकोणीस वर्षांच्या कॉलेज विद्यार्थ्यानें यंत्राकरवीं पाठविलीं होतीं. तरुणांच्या कर्तृत्वाचे पोवाडे गातांना हा पराक्रमहि जमेस धरावा.

८ फेब्रुवारी २०१६ रोजीं निकाल लागला. आर. एस. शर्मा हे अध्यक्ष असतां ट्रायनें नियम केला कीं, मजकूर पाहून इंटरनेटचा दर बदलूं नये. मोडणाऱ्यास रोज पन्नास हजार रुपये, आणि जास्तींत जास्त पन्नास लाख रुपये दंड. आणीबाणीच्या सेवांना तेवढी सवलत ठेवली. तीन दिवसांनीं फेसबुकनें आपली योजना भारतांतून मागें घेतली. ११ जुलै २०१८ रोजीं केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्यानें समान वाटेचें व्यापक तत्त्व मान्य केलें. त्याच सुमारास अमेरिका उलट दिशेनें जात होती. २०१५ सालीं तेथें झालेला नियम २०१७ च्या डिसेंबरांत रद्द झाला, २०२४ सालीं पुन्हां आणला, आणि २०२५ च्या जानेवारींत तेथील कोर्टानें तो पुन्हां मोडून काढला. आपल्या मुलांनीं मिळविलेलें त्या मानानें पक्कें ठरलें, यांत शंका नाहीं.

मग फुकट अर्धें इंटरनेट नाकारलेल्या त्या गरिबाचें काय झालें? या प्रश्नाचें उत्तर तत्त्वानें न देतां बाजारानें दिलें. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओ कंपनी सुरू झाली, दर कोसळले, आणि दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर येथल्या पोरांच्या हातीं अर्धें नव्हे तर सगळें इंटरनेट आलें. चळवळीचे पुरस्कर्ते हा आपला विजय मानतात. आमच्या मतें तो योगायोग होता, फार भाग्याचा योगायोग. दर तसेच चढे राहते तर स्नेह्यांच्या त्या आक्षेपाला आम्ही आज काय उत्तर दिलें असतें, याचा विचार मनांत आला म्हणजे आम्ही थोडे अस्वस्थ होतों.

कंपनीनें वाट अडवूं नये, एवढ्यापुरताच हा वाद मर्यादित राहिला, आणि त्याची मर्यादा वऱ्हाडाला पुढें जाणवली. वाट अडविणारा दुसराहि एक असतो. १९७२ सालीं महाराष्ट्रांत कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हां व्यापाऱ्याच्या कांट्यांतून सुटलेला शेतकरी सरकारच्या कांट्यावर आला. दुसऱ्यास विकण्याची त्याला बंदी होती, हें आमच्या जिल्ह्यांत कोणाला सांगावयास नको. इंटरनेटच्या बाबतींतहि तेंच. २०२१ च्या नोव्हेंबरांत अमरावतींत मोर्चा आणि बंद यांतून दंगल झाली, संचारबंदी लागली, आणि कांहीं दिवस शहराचें इंटरनेट बंद राहिलें. १३ मे २०२३ च्या रात्रीं अकोल्याच्या जुन्या शहरांत दंगल उसळली. निमित्त समाजमाध्यमावरील एका मजकुराचें. एक मनुष्य प्राणास मुकला, आणि तेथेंहि इंटरनेट बंद करण्यांत आलें. अफवांचा वणवा मोबाईलवरून पसरतो आणि तो पसरविणारांत तरुण असतात, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. दंगलीच्या रात्रीं अधिकाऱ्यांनीं स्वस्थ बसावें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु एका मजकुरासाठीं सगळी वाटच बंद झाली म्हणजे दवाखान्याचा निरोप, दुकानाचा व्यवहार आणि मुलांचा अभ्यास हींहि त्याच नाक्यावर अडकतात. समान वाट होती. सर्वांना सारखीच बंद!

याविषयीं सुप्रीम कोर्टानें १० जानेवारी २०२० रोजीं काश्मिरांतल्या बंदीसंबंधीं अनुराधा भसीन यांच्या खटल्यांत निकाल दिलेला आहे. बंदी बेमुदत असूं नये, ती प्रसंगाच्या मानानें असावी, आणि बंदीचा हुकूम प्रसिद्ध केला पाहिजे, असें त्यांत म्हटलें आहे. निकाल मोठा आहे. त्याच्यामागें दहा लक्ष पत्रें नव्हतीं. आणि अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बंदीवर मुंबईच्या विनोदी मंडळींनीं चित्रें काढलीं नाहींत. स्वस्त दरासाठीं सगळा देश एक होतो. दुसऱ्याच्या गांवची बंद वाट आपली वाटत नाहीं.

अकोल्याच्या बंदीनंतर थोड्याच दिवसांनीं आम्ही त्या स्नेह्यांकडे गेलों होतों. मुलगा आतां बंगळुरास नोकरीला आहे. धाकटी सोळा वर्षांची झालेली. तिची इंटरनेटवरची शिकवणी बुडाली होती आणि ती चिडलेली होती. "दादानें तेव्हां ट्रायला लिहिलें होतें ना? मीहि लिहितें," ती म्हणाली. आम्ही सांगितलें कीं, बाळ, हें ट्रायचें काम नव्हे. २०१७ च्या नियमाप्रमाणें असा हुकूम राज्याच्या गृहखात्याचे सचिव काढतात, आणि कामकाजाच्या पांच दिवसांच्या आंत एका समितीनें तो तपासावयाचा असतो. त्या समितींत कोण असतें, असें तिनें विचारलें. मुख्य सचिव आणि आणखी दोन सचिव, आम्ही म्हणालों. "म्हणजे हुकूम काढणारेहि सरकारचे आणि तपासणारेहि सरकारचे?" स्नेही आपल्या खुर्चींतून उठले नाहींत, पण कारंज्याचा कांटा त्यांना आठवला असावा, कारण ते आमच्याकडे पाहून पुन्हां तसेच हंसले.

तिनें गृहखात्याच्या सचिवांस एक अर्ज लिहिला. हुकमाची प्रत कोठें प्रसिद्ध झाली आहे तें कळावें, आणि समितीची बैठक कोणत्या तारखेस झाली तें कळावें, एवढीच मागणी. अर्ज मराठींत होता, एका पानाचा. खालीं तिचें नांव आणि त्याखालीं गांवाचें नांव. आम्ही त्यांतल्या दोन वेलांट्या सुधारल्या. ई-पत्रानें पाठव, लवकर जाईल, असें वडील म्हणाले. पण ऐन वेळीं तेंच बंद असतें, असें म्हणून तिनें तो पाकिटांत घातला, पांच रुपयांचें तिकीट लावलें, आणि सायकल काढून ती टपालाच्या पेटीकडे गेली.